अक्का, उद्याची पोळी

अक्का, उद्या प्रभुभोजनाचा रविवार आहे. मंगळवारी तुम्हाला मातीत ठेवले आणि काल, शुक्रवारी, चर्चचे पाळकसाहेब आले. सायकल दाराशी टेकवून, पायऱ्याही न चढता त्यांनी विचारले, "मास्तर, रविवारची पोळी तुम्हीच करणार ना?" मी म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत कळवतो." यात कळवण्यासारखे काय आहे, असा त्यांचा चेहरा झाला. तरी ते बरे म्हणून गेले.

तुम्हाला माझ्या उत्तराचे नवल वाटले नसते. नियम तुमचाच होता. ज्याचे कोणाशी वाकडे आहे त्याने प्रभुभोजनाच्या मेजाच्या पिठात हात घालायचा नाही. आधी जाऊन मिटवायचे, मग उपवास धरायचा, मग परात पुढे घ्यायची. माझे दोघांशी वाकडे आहे. एक माझा थोरला भाऊ. मी बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. दुसऱ्या तुम्ही. तुमच्याशी माझे वाकडे होते हे तुम्हाला ठाऊकच नव्हते. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी, चर्चच्या दारात, मी तुमच्याशी खोटे बोललो आणि ते तुमच्या हयातीत निस्तरले नाही. आता ते मिटवायला कोणत्या गावाची एस.टी. धरू?

लिहिण्याची मला सवय नाही. भूमितीच्या तासाला फळ्यावर पक्ष, साध्य आणि सिद्धता एवढेच आजवर मांडत आलो. पन्नाशी उलटल्यावर, समोर चाळणी आणि परात ठेवून, मी हे लिहायला बसलो आहे. अजून पीठ चाळलेले नाही.

पहिल्यांदा ते मेज पाहिले तेव्हा मी तुमचा भाडेकरू होतो, चर्चच्या मंडळीतला कोणी नव्हतो. तुम्ही "येऊन बस, कोणी खात नाही" म्हणालात म्हणून मागच्या बाकावर, दाराजवळ बसलो होतो. पाळकसाहेबांनी पांढऱ्या कापडाखालून एक पोळी काढली, वर धरली आणि मोडली. प्रभूचे शरीर आपल्यासाठी असेच मोडले गेले, त्याची ती आठवण. मग ताट बाकांवरून फिरले, प्रत्येकाने नखाएवढा तुकडा घेतला आणि मागोमाग चिमुकल्या पेल्यांतून काळ्या मनुकांचा रस आला. माझे लक्ष मात्र तुमच्याकडे होते. ताट जाईल तिकडे तुमची नजर जात होती. पंगतीत कोणी उपाशी तर राहिला नाही ना, हे वाढणारी बाई पाहते, तशी.

ती पोळी तुम्ही केली होती हे मला घरी आल्यावर समजले. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपली, पण तिसेक वर्षे चाललेले हे काम तुम्ही सोडले नव्हते. त्यासाठी वेगळी परात होती, वेगळा तवा होता आणि तो तवा दुसऱ्या कशालाही लावायचा नाही असा दंडक होता. पीठ गव्हाचे, दोनदा चाळलेले. मीठ नाही, तेल नाही, फुगू नये म्हणून काट्याने टोचे मारलेली एकच मोठी पोळी. पुढे कधीतरी तुम्ही मलाच ती शिकवायला घेतलीत, तेव्हा मी संकोचाने अर्धा झालो. मंडळीत इतक्या बायका असताना मी कशाला, असे विचारले.

"बायकांना शिकवून पाहिलं," तुम्ही म्हणालात. "त्यांचा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो. तुला काहीच येत नाही, तेच बरं आहे."

माझी पहिली पोळी दोन बोटांत उचलून तुम्ही उजेडाकडे धरलीत. "मास्तर, ही पोळी नाही. वॉर्डात पेशंटखाली घालतात ना, ती रबरी चादर आहे." आणि ती मलाच खायला लावलीत.

पोळी जमायला वर्ष लागले. नियम जमणे त्याहून अवघड होते. शनिवारी सकाळी तुम्ही पांढरे पातळ नेसून निघायच्या. आठवडाभरात ज्याला-ज्याला शब्द लागला असेल त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. एकदा दूधवाल्याला चारचौघांत "तू पाणी घालतोस" म्हणाला होतात. शनिवारी त्याच्या गोठ्यावर माफी मागायला गेलात आणि छत्री धरायला मला नेलेत. रतीब बंद होणार या भीतीने तो बिचारा तुम्हाला बघताच कबूल होऊन गेला. "टाकस थोडं पानी, अक्का, खोटं काब्र सांगू? पन इतलंसंच." तुम्ही पेचात पडलात. आता माफी मागायची की नव्याने भांडायचे? घरी आल्यावर म्हणालात, "माफी मागून झाली आहे. भांडण सोमवारी."

आपला वाद याच काळात सुरू झाला. मी शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, पत्रे वहीत टिपणे काढत वाचली होती. शिकलेल्या माणसाला निष्कर्षाची घाई असते. एका शनिवारी तुम्ही पीठ मळत असताना मी म्हणालो, "अक्का, आत्म्याचे तारण ही देवाची कृपा आहे. ती कमवावी लागत नाही. मग हा उपवास कशाला आणि हे दारोदार जाणे कशाला?"

तुमचे हात थांबले नाहीत. "दानच आहे. नाही कोण म्हणतं? पण दान घेताना हात धुवायचे की नाही?"

खरे तर मला उत्तर नकोच होते, कारण वाद मी तुमच्याशी घालत असलो तरी मनातून तुमच्याच बाजूचा होतो. बाप्तिस्मा घ्यायला मी चार वर्षे लावली. पाळकसाहेब विचारत आणि मी म्हणे, अजून तयारी नाही. प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करायची पाळी आली की माझी वाक्ये जुळेपर्यंत सभा संपलेली असे. तयारी झाल्याशिवाय कुठेही पाऊल टाकायचे नाही हा माझा स्वभाव, आणि तुमच्या नियमात त्याला आधार सापडला होता. कृपेचे टिपण वहीत राहिले.

मग पाच वर्षांपूर्वी तुम्ही मोरीत घसरलात आणि उजवे मनगट मोडले. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते. डाव्या हाताने मनुका भिजवून रस गाळण्याचे काम तुम्ही स्वतःकडे ठेवलेत. पोळी माझ्यावर आली.

"जमेल ना?" तुम्ही विचारलेत.

"पोळी जमेल," मी म्हणालो. पुढचे तुम्हाला ठाऊकच होते.

"मग जा की धरणगावला. शनिवारी पहाटे नीघ, संध्याकाळी परत. भाऊ आहे तो तुझा. दारातून हाकलून तर देणार नाही."

हाकलून त्याने दिले नाही. मी पोचलो तेव्हा भाऊ कपाशीत होता. वहिनींनी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिले आणि रानात निरोप धाडला. निरोप मिळाला असणार, कारण एरवी दुपारी जेवायला येणारा भाऊ त्या दिवशी आला नाही. तीनची एस.टी. गेली. पाचचीही गेली. दिवे लागताना तो आला. माझ्यासमोरून बैल गोठ्यात नेले, हातपाय धुतले, खाटेवर बसला आणि घरात पाहून वहिनींना म्हणाला, "इचार त्याले, कसाले उना."

मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. मी कशाला आलो हे विचारल्यासारख्या वहिनी उंबऱ्यात उभ्या राहून माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, "भाऊ, मी तुझ्याशी नीट बोलायला आलो आहे. माझं काही चुकलं असेल तर..."

"त्याले सांग," भाऊ पुन्हा वहिनींना म्हणाला, "बाप मरना तवय खांदा द्याले उना व्हता, तितलं पुरं. आते आठे त्यानं काही ऱ्हायनं नही."

आता इथे माझे काही राहिलेले नव्हते. मी अनेक वाक्ये तयार करून नेली होती. त्यांतले एकही त्या ओट्यावर उभे राहू शकले नाही. भाऊ जेवून आत निजायला गेला. मी ओट्यावरच पडून राहिलो. वहिनींच्या ताटाला नाही म्हटले. पहाटे निघताना त्यांनी फडक्यात बांधलेले काहीतरी माझ्या पिशवीत सारले. "भाऊजी, चार पोया शेत. वाटमा खाई ल्या. तुमना भाऊ तशाच शेत, मनवर लेऊ नका."

सकाळच्या गाडीने पोचून तासाभरात पोळी करता आली असती. पारोळ्याच्या अलीकडे टायर बसला. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा उपासनेला पाव तास उरला होता. दूरदर्शनवरच्या पौराणिक मालिकेची ती वेळ, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हते आणि एकही रिक्षा मिळेना. पांझरेच्या पुलावरून मी अक्षरशः पळत देवपुरात आलो. घरी जाणे शक्य नव्हते. चर्चच्या मागच्या खोलीत ताट मांडलेले होते, पेले भरलेले होते, इस्त्री केलेले कापड घडी घालून ठेवलेले होते. फक्त पोळीची जागा रिकामी होती. बाहेर पहिले गायन सुरू झाले होते.

मी पिशवीतले फडके सोडले. चारांपैकी तीन पोळ्यांना ठेच्याचे तेल लागलेले होते. एक कोरी राहिली होती. ती मी रुमालाने पुसली आणि ताटात ठेवली. घडी उलगडून वर कापड घातले.

अक्का, हे सगळे असे सरळ लिहिले की फार मोठे काही वाटत नाही. माणूस अडचणीत सापडला आणि हाताशी होते ते त्याने ठेवले. पण त्या क्षणी मला ठाऊक होते की मी काय करतो आहे. उपवास नाही, प्रार्थना नाही. ज्या घराशी समेट व्हायचा राहिला त्याच घरची, तेलमीठ घातलेली पोळी मी मेजावर ठेवत होतो, आणि पुढे जाऊन पाळकसाहेबांच्या कानात "पोळी राहून गेली" एवढे तीन शब्द सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. अडचण नव्हती ती. ती माझी लाज होती.

पाळकसाहेबांनी ती वर धरली आणि मोडली. तुम्ही पहिल्या बाकावर होता, हात झोळीत. तुकडा तोंडात ठेवलात आणि तुमचा जबडा थांबला. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि गिळलात. ताट माझ्यापर्यंत आले तेव्हा मी ते पुढे सरकवले.

उपासना सुटल्यावर तुम्ही मला दारात गाठलेत. "मीठ पडलं का रे पिठात?"

"चुकून पडलं असेल."

"उपवास होता?"

"हो." अन्नाचा कण पोटात नव्हता हे खरेच होते.

"भावाशी बोललास?"

"बोललो."

शिक्षकी पेशात माणूस शब्द जपून वापरायला शिकतो. मी ते कसब तुमच्यावर वापरले. तुमचा चेहरा मात्र असा उजळला की तुमच्या झोळीतल्या हाताचाही मला विसर पडला. त्याच आठवड्यात बायकांच्या प्रार्थनासभेत तुम्ही साक्ष दिलीत, की मास्तर उपवास धरून भावाच्या दारी गेले आणि प्रभूने सात वर्षांचे वैर एका दिवसात मिटवले. रस्त्यात लोक माझे अभिनंदन करू लागले. एका आजोबांनी डोळे पुसले. पोळीला जरा मीठ लागले याबद्दल एकानेही तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी तुकडा घेतलेला नाही. तुमचे मनगट जुळले, पोळी पुन्हा तुम्ही करू लागलात, मी शेजारी बसून पीठ चाळून देत राहिलो. चाळायला हरकत नाही, हात तर पिठात जात नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. रविवारी मात्र ताट आले की पुढे सरकवायचो. पहिल्या वर्षी तुम्ही विचारलेत, "का रे?" मी म्हणालो, "तयारी झाली नाही." तुम्ही मान हलवलीत. त्या मान हलवण्यात आदर होता. पुढच्या वर्षी तुम्ही विचारले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या नजरेत काळजी दिसू लागली, आणि नंतर काहीतरी असे की ज्याला मी भीती म्हणेन.

या महिन्यात तुम्हाला तुमच्याच जुन्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर ठेवले. मूत्रपिंडांनी काम सोडले होते. ज्या पोरींना तुम्ही इंजेक्शन धरायला शिकवले त्यांच्याच हाताखालच्या पोरी तुमचे अंग पुसत होत्या, आणि तुम्ही पडल्यापडल्या चादरीचे कोपरे नीट दुमडायचा प्रयत्न करत होतात. "राहू द्या ना अक्का, आम्ही करतो," एक जण म्हणाली. "तुम्ही करता, पण वाकडं करता," तुम्ही म्हणालात. ती हसली. मी हसलो नाही, कारण मला तुमची बोटे दिसत होती. कोपरा त्यांच्यात टिकत नव्हता.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मी आलो. तुम्ही मला स्टूल जवळ ओढायला सांगितलेत. "मास्तर, तू जेवत का नाहीस मेजावर?"

"तयारी..."

"ते ऐकलं. पाच वर्षं ऐकते आहे. माझ्यामुळे उपाशी राहिलास का तू?"

तो क्षण होता, अक्का. तुम्ही स्वतः दार उघडून दिले होते. मी जीभ टाळूला लावली, वाक्य जुळवू लागलो आणि तेवढ्यात तुम्हीच बोलू लागलात.

साक्रीकडच्या तुमच्या धाकट्या बहिणीची गोष्ट मी प्रथमच ऐकली. तिचे दिवस भरत आले होते. एका शनिवारी दुपारी निरोप्या आला की पोटात दुखते आहे, ताईला पाठवा. तुम्ही उपवास धरलेला होता. पीठ मळून झाकून ठेवले होते. दिवस तर पुढच्या आठवड्यात भरणार होते. प्रभूचे काम अर्धे टाकून कसे यायचे? उद्या उपासना झाली की निघते, असा उलट निरोप तुम्ही दिलात. रविवारी संध्याकाळी तुम्ही पोचलात तेव्हा मूल गेले होते. बहिणीने भिंतीकडे तोंड फिरवले. ते तिने मरेपर्यंत तुमच्याकडे वळवले नाही.

"त्यानंतर मी तो नियम केला," तुम्ही म्हणालात. "सगळ्या गावाशी मिटवत फिरले. दूधवाल्याशी, भाजीवालीशी. जिच्याशी मिटवायचं तिनं दारच उघडलं नाही, आणि मी तरीही मळत राहिले. तीस वर्षं. हात धुतलेलेच नव्हते रे माझे."

मी काय म्हणायला हवे होते, ते आज इथे बसून मला स्पष्ट दिसते. म्हणायला हवे होते, अक्का, त्या रविवारची पोळी माझी नव्हती. ती माझ्यावर रुसलेल्या भावाच्या घरची होती, तिच्यात मीठ होते, तिच्यामागे एकही प्रार्थना नव्हती, आणि तरी तुम्ही ती डोळे मिटून गिळलीत, मंडळीने गिळली, आणि मेज होते तिथेच उभे राहिले. ते आपल्या हातांवर कधी उभे नव्हतेच. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ पाच वर्षे पडून होते आणि मी त्यालाच माझे पाप समजत होतो.

पण तुम्ही म्हणालात, "तिची मुलगी कुसुम साक्रीत असते. तिच्या तोंडून एकदा ऐकायला मिळालं असतं की माफ केलं..." आणि मी चटकन म्हणालो, "उद्या जाऊन येतो." किती हलके वाटले मला. करण्यासारखे काहीतरी मिळाले होते. बोलण्यापेक्षा एस.टी. धरणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

कुसुमताई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. मी कोण, कुठून आलो, हे सांगितले. तुमची प्रकृती सांगितली. त्यांचा पाय क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला. "मी सात वरीसनी व्हती," त्या म्हणाल्या. "माले बठ्ठं आठवस. माय मरेपर्यंत एकच म्हने, तिले पोयीच मोठी."

"त्या माफी मागतात," मी म्हणालो.

"कोनले? मन्ही माय तं गयी. तिना बदल्यात माफ करनं मन्हा हातमा शे का, दादा? तुम्हीच सांगा, शिकेल मानूस शेत तुम्ही."

त्यांनी चहा केला. कप हातात देताना म्हणाल्या, "मावशीले इतलंच सांगा, मन्ही पोर नर्सनं शिकी ऱ्हायनी. सांगशात ना?"

मी हो म्हणालो. परतीच्या गाडीत खिडकीला डोके टेकून मी तो निरोप पुन्हा पुन्हा पाहिला. ती माफी नव्हती. नकारही नव्हता. तुम्हाला हवे होते ते दोन शब्द त्यात नव्हते, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला असा अर्धवट निरोप कसा द्यायचा? कुसुंब्यापर्यंत माझे वाक्य तयार झाले होते. "कुसुमताईंनी माफ केलं म्हणून सांगितलं आहे." सोपे वाक्य. पुढच्या दोन थांब्यांत मी ते मोडले आणि खरे काय ते सांगायचे ठरवले. धुळ्यात शिरताना पुन्हा जोडले.

वॉर्डात खाट रिकामी होती. चादरीचे कोपरे नव्याने दुमडलेले होते. "दुपारी दोनला गेल्या," ती हसणारी पोरगी म्हणाली. "तुमची वाट नाही पाहिली त्यांनी सर. मी विचारलं, मास्तरांना निरोप धाडू का, तर म्हणाल्या, राहू दे." मी विचारले, आणखी काही बोलल्या का? ती आठवू लागली. "पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. एरवी चमचा हातात मागायच्या ना, आज नाही मागितला. आ केलं नुसतं."

त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. तुम्ही शांत गेलात की थकून गेलात, मला ठाऊक नाही. कुसुमताईंच्या मुलीबद्दल तुम्हाला कळले नाही. माझ्या पोळीबद्दल कळले नाही. त्या दिवशी मी दोनांपैकी कोणते वाक्य बोललो असतो, तेही मला अजून कळलेले नाही, आणि हे सर्वांत कठीण आहे. मी खोटे बोललो नाही ते केवळ तुम्ही आधी गेलात म्हणून. माझा त्यात काही वाटा नाही.

तुमच्यावर मला रागही येतो, अक्का. एवढा मोठा नियम माझ्या खांद्यावर देताना त्याच्या तळाशी एक मेलेले मूल आहे, हे सांगायला हवे होते. मी तो नियम पवित्र समजून वाहत राहिलो आणि तुम्ही तो शिक्षा म्हणून वाहत होतात. आणि तरीही, तुम्ही त्या दिवशी "येऊन बस" म्हणाला नसतात तर मी त्या दारातून आत आलोच नसतो, हेही मला विसरता येत नाही. तेव्हा माझी कोणती तयारी होती? चपला कुठे काढायच्या हेसुद्धा मला माहीत नव्हते.

येथवर लिहून मी उठलो. कागद तसेच ठेवले आणि पाळकसाहेबांकडे गेलो. ते अंगणात सायकलची साखळी बसवत होते. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. वाक्ये जुळवली नाहीत, त्यामुळे ती आडवीतिडवी आली: वहिनींची पोळी, ती पुसलेला रुमाल, तुम्हाला दिलेली तीन उत्तरे, पाच वर्षे पुढे सरकवलेले ताट, साक्रीहून येताना जोडलेले वाक्य. भाऊ अजून बोलत नाही, हेही सांगितले. अक्कांशी आता मिटणे शक्य नाही, हेही. माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या ओसरीवरचे संभाषण थांबले.

पाळकसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. हाताला लागलेले वंगण चिंधीला पुसले. मला वाटले, आता ते मला आत बोलावतील, शास्त्र काढतील, काही दिवस थांबायला सांगतील. मी त्यासाठी तयार होतो.

"बरं," ते म्हणाले. "मग घरात पीठ आहे, की आमच्याकडून पाठवू?"

पिठाचा डबा गळ्यापर्यंत भरलेला आहे, अक्का. तुम्हीच भरून ठेवला होतात. तरी मी म्हणालो, "पाठवा."